मुंबई-ठाण्यात हौसेने ड्रोन उडवायचाय तर काय काय बघायचं

परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, अरे माझा भाचा दुबईहून येतोय, ड्रोन आणायला सांगू का, तिकडे स्वस्त मिळतो म्हणे. मी म्हटलं काका घरी या, चहा घेऊ आणि नीट बोलू, कारण याचं उत्तर लिफ्टमध्ये देण्यासारखं नाही. मग दीड तास बोललो. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण मुलुंडमध्ये राहून गेली काही वर्षं मी हौसेने ड्रोन उडवतो आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

पहिलं म्हणजे भाच्याला सांगा की आणू नकोस. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून ड्रोन आणायला आपल्या सरकारची बंदी आहे. तयार ड्रोन नाही, अर्धवट जोडलेला नाही, सगळे भाग सुटे करून एका खोक्यात भरलेला सेटही नाही. सूट आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठी, आणि तीही परवानगी काढून. सुटे पार्ट मागवता येतात पण त्याचा आपल्यासारख्या नवशिक्याला काही उपयोग नाही. विमानतळावर कस्टमवाल्यांनी बॅगेत बघितला की तो गेला म्हणून समजा, वर दंड आणि तीन तास उभं राहणं वेगळं. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं असंच झालं, लग्नासाठी घरी येत होता, बाहेर आख्खं कुटुंब हार घेऊन थांबलेलं आणि हा आत फॉर्म भरत बसलेला. तर भाच्याला सांगा खजूर आण.

आता नियम कुठले ते बघू. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन रूल्स आले, त्याआधीचे नियम खूपच जाचक होते, ढीगभर फॉर्म आणि फिया होत्या, नवीन रूल्सने ते बरंच सुटसुटीत केलं आणि हौशी माणसाला खरंच जागा दिली हे मी मनापासून सांगतो. वजनावरून पाच गट केलेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल, आणि त्याच्या वरचे मीडियम आणि लार्ज, ज्यांच्याशी आपला संबंध नाही. हौसेसाठी नॅनो किंवा मायक्रो एवढंच बघायचं. नॅनो उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोलाही लागत नाही पण फक्त बिनव्यावसायिक वापर असेल तर. नॅनोला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल सरकारी तपासणीत पास झाल्याचा दाखला, आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स यातूनही सूट आहे.

इथेच सगळे फसतात. दुकानदार सांगतो साहेब हा २४९ ग्रॅमवाला आहे, याला काही नियम नाही, कुठेही उडवा. हे चूक आहे, साफ चूक. नॅनोला सूट आहे ती कागदपत्रातली, आकाशातली नाही. विमानतळाजवळ, नेव्हीच्या हद्दीजवळ, अणुकेंद्राजवळ नॅनो पण चालत नाही आणि खेळण्यातला पण चालत नाही. आणि वजन म्हणजे उडताना जे काही अंगावर आहे त्या सगळ्याचं मिळून वजन. प्रोपेलर गार्ड लावले, रात्री दिसावा म्हणून लाइट चिकटवला, कंपनीची मोठी बॅटरी घातली की २४९ चा २५० च्या वर जातो आणि तुमचा ड्रोन नॅनो राहत नाही, मायक्रो होतो. मी सगळं लावून ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन करून घेतलं होतं, तुम्हीही घ्या, किराणावाल्याचा काटा याला चालत नाही, पाचदहा ग्रॅमचाच तर खेळ आहे.

मग नोंदणी. प्रत्येक ड्रोनला एक नंबर असतो, गाडीच्या नंबरप्लेटसारखा, त्याला यूआयएन म्हणतात. रूल्सप्रमाणे हे काम डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर ठेवलंय, फॉर्मचं नाव डी-२ आणि फी १०० रुपये. ड्रोनचा, त्याच्या आतल्या फ्लाइट कंट्रोलरचा आणि रिमोटचा असे तीन सीरियल नंबर लागतात, खोक्यावरचा एकच नंबर टाकून भागत नाही, म्हणून खोकं फेकायच्या आधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा. नवीन घेताना दुकानात हेच विचारायचं की या मॉडेलची नोंदणी होते का, टाइप सर्टिफिकेट आहे का किंवा नॅनोमध्ये बसतं का. जो दुकानदार हा प्रश्न उडवून लावतो त्याच्याकडून घेऊ नका, मग कितीही डिस्काउंट देवो. सेकंडहँड घेत असाल तर आधीच्या मालकाकडून यूआयएन तुमच्या नावावर करून घ्या, पैसे नंतर. ड्रोन तुमच्या हातात आणि नाव दुसऱ्याचं असं ठेवू नका, उद्या तो कुठे पडला आणि कोणाला लागला तर पोलीस आधी त्या माणसाच्या दारात जातील आणि मग तुमच्या.

आता खरी गोष्ट, म्हणजे आकाश. ड्रोन कुठलाही असो, प्रश्न असा आहे की तुमच्या डोक्यावरचं आकाश कुठल्या रंगाचं आहे. सरकारी नकाशात तीन रंग आहेत. ग्रीन म्हणजे ४०० फुटांपर्यंत म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. यलो म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी हवी. रेड म्हणजे केंद्र सरकारची परवानगी हवी, जी तुम्हाला मला मिळणार नाही, तेव्हा विषय संपला.

विमानतळाचं गणित असं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपासून मोजायचं, टर्मिनलपासून नाही. ५ किमीच्या आत तर नावच काढू नका. ५ ते ८ किमीमध्ये जमिनीपासूनच यलो. ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांपर्यंत म्हणजे ६० मीटरपर्यंत ग्रीन आणि त्याच्या वर यलो. १२ किमीच्या पलीकडे ४०० फूट. आता मुंबईचा नकाशा डोळ्यासमोर आणा. सांताक्रूझ-सहारचा विमानतळ शहराच्या अगदी पोटात आहे. पार्ला, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, बांद्रा सगळं ५ किमीच्या आत किंवा अगदी काठावर. जुहूला तर वेगळी धावपट्टी आहे, १९२८ पासूनची, तिथून हेलिकॉप्टर रोज उडतात आणि ती खालून उडतात, त्यामुळे जुहू चौपाटीवर सूर्यास्ताचा शॉट घ्यायचा विचार डोक्यातून काढून टाका. गोरेगाव ५ ते ८ च्या पट्ट्यात. मालाड, कांदिवली आणि इकडे आमचं मुलुंड साधारण ८ ते १२ मध्ये. दक्षिणेला कुलाब्याला नेव्हीचा हेलिकॉप्टर तळ, डॉकयार्ड, पुढे मंत्रालय, पूर्वेला ट्रॉम्बेला बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. ठाण्यात कोलशेतला एअर फोर्स. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी. आणि आता नवी मुंबईचा विमानतळ पण सुरू झालाय, २०२५ मध्ये, त्यामुळे उलवे, पनवेल, खारघर, नेरूळ इथे जे लोक वर्षानुवर्षं निवांत उडवत होते त्यांचं आकाश बदललंय. जुना व्हिडिओ बघून, अमुक माणसाने खारघरच्या टेकडीवरून काढलाय मग मी का नाही, असं करू नका.

म्हणून उडवायच्या आधी प्रत्येक वेळी नकाशा बघायचा, आणि हे माझं मत नाही, रूल्समध्येच लिहिलंय की उड्डाणाआधी त्या भागाला काही निर्बंध आहेत का हे पायलटने तपासलंच पाहिजे. कारण रंग बदलतात. राज्य सरकार किंवा पोलीस गरज पडली तर एखादा भाग तात्पुरता रेड करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत. मंत्र्यांचा दौरा, मोठी सभा, काहीही कारण असू शकतं. आणि एक लक्षात ठेवा, ड्रोन कंपनीच्या ॲपमधला नकाशा वेगळा आणि सरकारी नकाशा वेगळा. ॲपने मोटर चालू होऊ दिली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं.

आता गच्चीचं सांगतो, कारण मुंबईत दहातले आठ जण पहिल्यांदा गच्चीवरूनच उडवायला बघतात. उंची मोजली जाते ती जमिनीपासून. पण ड्रोनच्या स्क्रीनवर जो आकडा येतो तो जिथून उडालात तिथपासूनचा असतो. तुम्ही विसाव्या मजल्याच्या गच्चीवर उभे असाल तर तिथे स्क्रीन ० दाखवते पण तुम्ही आधीच ६० मीटरवर आहात. एक मजला साधारण ३ मीटर धरला तर हिशोब सोपा आहे. म्हणजे मुलुंड-कांदिवलीच्या पट्ट्यात, जिथे ६० मीटरपर्यंतच मोकळीक, तिथे वीस मजली टॉवरच्या गच्चीवरून तुम्हाला उडायला आकाशच शिल्लक नाही. हातभर उचललात तरी यलोत गेलात. हे मला स्वतःला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं, कोणी सांगितलंच नव्हतं, आणि कळल्यावर मी गच्चीवरून उडवणं कायमचं बंद केलं.

गच्चीचं दुसरं कारण म्हणजे लोखंड. स्लॅबमध्ये सळया, वर पाण्याच्या टाकीची शिडी, मोबाइल टॉवर, डिश. ड्रोनचा कंपास यात गोंधळतो. गच्चीवर ठेवून चालू केला की कंपास एररचा मेसेज येतो, लोक तो तिथेच कॅलिब्रेट करतात म्हणजे पुन्हा जुळवून घेतात आणि उडवतात, मग सळयांपासून लांब वर गेल्यावर त्याला दिशा चुकीची वाटते आणि तो गोल गोल फिरत भलतीकडे जातो. मोकळ्या मातीच्या जमिनीवर हा त्रास होत नाही. आणि तिसरं कारण, गच्ची सोसायटीची असते, तुमची नाही, सेक्रेटरीला लेखी विचारल्याशिवाय तिथे काहीच करू नये.

चला आता पोलिसांचं. आकाश ग्रीन असलं तरी मुंबईत अजून एक पायरी आहे आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. मुंबई पोलीस वेळोवेळी जमावबंदीच्या कलमाखाली, म्हणजे आधीचं १४४ आणि आता नव्या कायद्यातलं १६३, असा आदेश काढतात की शहरात ड्रोन, रिमोटवर चालणारी छोटी विमानं, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून हे काहीही उडवायचं नाही. आदेश साधारण महिनाभराचा असतो आणि संपत आला की बरेचदा पुन्हा नवा निघतो. कारण उघड आहे, या शहराने काय काय सोसलंय ते आपल्याला माहीत आहे, आणि २०२१ च्या जूनमध्ये जम्मूच्या एअर फोर्स स्टेशनवर ड्रोनने स्फोटकं टाकली त्यानंतर सगळीकडेच सावधगिरी वाढली. असा आदेश असताना उडवलं तर भारतीय न्याय संहितेच्या २२३ कलमाखाली गुन्हा नोंदवला जातो. शिवाय ड्रोन रूल्सचा दंड वेगळा, एक लाखापर्यंत. कॉलेजच्या पोरांनो, गुन्हा नोंद होणं म्हणजे पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला, नोकरीच्या वेळी उत्तरं देत बसणं, एका रीलसाठी हे करू नका रे, खरंच कळकळीने सांगतोय.

इथे हद्दी समजून घ्या. मुंबई पोलीस आयुक्तालय दहिसर आणि मुलुंडपर्यंत. टोलनाका ओलांडला की ठाणे आयुक्तालय, ते पार कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत. खाडीपलीकडे नवी मुंबई वेगळं. दहिसरच्या पुढे मीरा-भाईंदर, वसई-विरार वेगळं. प्रत्येकाचा आदेश वेगळा, तारखा वेगळ्या. त्यामुळे मुंबईत बंदी नाही म्हणून ठाण्यात नाही असं होत नाही आणि उलटही होत नाही. मी काय करतो, ज्या भागात जायचं तिथल्या पोलीस स्टेशनला आदल्या दिवशी स्वतः जातो. फोनवर विचारलं तर पलीकडून कोणीतरी घाईत नाही म्हणून टाकतं. समोर जाऊन नमस्कार करून सांगायचं की साहेब माझा छोटा ड्रोन आहे, हा नंबर, हे आधार, उद्या सकाळी सात ते नऊ अमुक मैदानात उडवायचा आहे, आदेश चालू आहे का. दोनदा मला नाही म्हणाले, मी घरी आलो. एकदा स्टेशनमधल्या ड्यूटीवरच्या अंमलदारांनी नाव आणि मोबाइल वहीत लिहून घेतला आणि जा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्याच कोणा रहिवाशाने फोन केला तेव्हा पोलिसांना आधीच माहीत होतं, गाडी आली पण दोन मिनिटांत गेली. त्या वहीतल्या दोन ओळींनी माझी अख्खी सकाळ वाचवली.

गणपती, दहीहंडी, नवरात्र, ३१ डिसेंबर, मॅरेथॉन, निवडणूक या दिवसांत ड्रोन कपाटातच राहू दे. विसर्जनाच्या मिरवणुकीवरून फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, गुलाल उडतोय, ढोल वाजतायत, वरून किती छान दिसेल. पण खाली माणसांना सरकायला जागा नाही आणि वर तुमचा ड्रोन, बॅटरी बंद पडली तर तो कोणाच्या तरी लेकराच्या डोक्यावरच पडणार. आमच्याकडे एका वर्षी एका पोराचा ड्रोन मंडपाच्या झालरीत अडकून खाली आला आणि एका मावशींच्या हातावर प्रोपेलरने तीन चरे पडले, खोल नव्हते पण रक्त आलं, आणि ते पोरगं इतकं घाबरलं की रडायला लागलं. बारीक प्लास्टिकचं पातं असतं ते पण मिनिटाला हजारो फेरे घेत असतं, बोटाला लागलं तर टाके पडतात.

शेजाऱ्यांचा विषय मी सगळ्यात गंभीर मानतो. मुंबईत खिडकीला खिडकी लागलेली असते. ड्रोन समोरच्या बिल्डिंगच्या बाराव्या मजल्यासमोर दोन सेकंद थांबला तरी आतल्या बाईला वाटणारच की माझं शूटिंग करतायत, आणि तिला तसं वाटणं बरोबरच आहे, तुमच्या मनात काही नसलं तरी. एखाद्या स्त्रीचं खासगी क्षणात चोरून चित्रीकरण हा न्याय संहितेच्या ७७ कलमाखाली गुन्हा आहे. म्हणून माझा नियम, राहत्या बिल्डिंगच्या जवळ कॅमेरा आडवा ठेवायचाच नाही, एकतर सरळ खाली नाहीतर वर आकाशाकडे, आणि खिडक्यांच्या उंचीला कधी थांबायचं नाही. कोणी येऊन विचारलं काय चाललंय, तर आधी ड्रोन खाली उतरवा, मग स्क्रीन दाखवा, काय काढलं ते दाखवा, डिलीट कर म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा. वाद घालायला जाऊ नका.

जंगलाचं थोडक्यात. संजय गांधी उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही, येऊरही त्याच जंगलाचा भाग. ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात तो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, तिथे तर कृपा करून नको, हजारो पक्षी एकदम उठतात तेव्हा व्हिडिओत छान दिसतं पण खाऊन जमवलेली ताकद त्या पक्ष्यांची विनाकारण जाते. वसईचा किल्ला, कान्हेरी लेणी ही पुरातत्त्व खात्याची, तिथेही लेखी परवानगी हवी.

मग उडवायचं कुठे? शहर सोडायचं. मी मुरबाडच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतावर जातो, काहीजण कर्जतकडे जातात, काही पालघरकडे, फक्त तारापूरच्या अणुवीज केंद्रापासून लांब. नकाशावर ग्रीन आहे हे बघायचं, जवळ धरण, हाय टेन्शन वायर, रेल्वेची लाइन नाही हे बघायचं, रेल्वेच्या वरच्या वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात, ड्रोन त्यात अडकला तर काढायला जायचं नाही, तिथेच सोडायचा आणि रेल्वेला कळवायचं. जमिनीच्या मालकाला विचारायचं. आणि गावात सरपंच किंवा पोलीस पाटलांना सांगायचं, हे अगदी आवर्जून. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड वगैरे भागात रात्री आकाशात ड्रोन फिरतायत म्हणून लोक घाबरले होते, चोर टेहळणी करतात अशी चर्चा होती, गावकरी रात्र रात्र जागून गस्त घालत होते. तेव्हा अनोळखी माणूस शेतात उभा राहून ड्रोन उडवतोय हे बघून लोक जमले तर त्यांची चूक नाही. आधी ओळख करून दिली की तीच माणसं चहा आणतात आणि पोरं बघायला येतात, त्यांना स्क्रीन दाखवा, वरून आपलं घर बघून त्यांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

आता प्रत्यक्ष उडवण्याचं. वेळ सकाळची, उजाडल्यापासून नऊपर्यंत. आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात तो संध्याकाळपर्यंत राहतो, खाली झाडाचं पान हलत नसतं पण ५० मीटरवर चांगला जोर असतो. २४९ ग्रॅमचा ड्रोन म्हणजे वाऱ्यापुढे काय, पाचोळा. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि येताना वाऱ्याबरोबर यायचं. उलट केलंत तर जाताना मस्त सुसाट जातो आणि परत येताना बॅटरी संपते. माझी बॅटरी ४० टक्के झाली की मी परत फिरतो, ॲप सांगेपर्यंत थांबत नाही. जून ते सप्टेंबर बंदच, पावसासाठी नाही फक्त, हवेतल्या बाष्पाने कॅमेऱ्याच्या आत पण धुकं धरतं.

उडायच्या आधी जमिनीवर ठेवून दोन मिनिटं द्या, जीपीएसला पुरेसे सॅटेलाइट मिळू द्या, होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परत यायची जागा, सेट झाल्याचं ॲप सांगत नाही तोपर्यंत हात लावू नका. घाईने उडवला तर होम पॉइंट भलत्याच ठिकाणी नोंदला जातो आणि सिग्नल गेला की ड्रोन तिथेच जाऊन उतरतो, मग ते तळं असो की कोणाचं अंगण. आणि रिटर्न टू होमची उंची, म्हणजे सिग्नल गेला की ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप परत येतो ती. हे सेटिंग प्रत्येक जागी बदलायचं. आजूबाजूला सगळ्यात उंच जे काही आहे, झाड, टॉवर, टेकडी, त्यापेक्षा १५-२० मीटर जास्त ठेवायची पण तिथल्या मर्यादेच्या आत. माझा पहिला ड्रोन असाच गेला, उंची ३० मीटरवर होती, सिग्नल तुटला, तो शहाण्यासारखा ३० मीटरवर आला आणि सरळ घराकडे निघाला, मधे चाळीस मीटरचा निलगिरी. अर्ध्या तासाने खाली तुकडे सापडले.

घारी. मुंबईत उडवणाऱ्यांना विचारा, माणसांपेक्षा घारींची भीती जास्त. जिथे कोंबडी-मटणाची दुकानं, मासळी बाजार, डंपिंग ग्राउंड, तिथे घारी घिरट्या घालतातच आणि जानेवारी ते मार्च त्यांची घरटी असतात तेव्हा त्या थेट अंगावर येतात. एक घार दिसली तरी ड्रोन उतरवा. झडप आलीच तर जखम ड्रोनलाच होते असं नाही, पक्ष्याचा पंख पण फाटतो. संक्रांतीच्या आसपास मांजा, तो दिसत नाही, एकदा प्रोपेलरला गुंडाळला की मोटर जाम. तो पंधरवडा मी सुट्टी घेतो. आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला, कुठून येतोय ते कळत नसलं तरी, लगेच खाली. माणसं बसलेल्या विमान-हेलिकॉप्टरचा हक्क आधी, हे रूल्समध्ये आहे. ड्रोन कायम डोळ्यासमोर ठेवा, स्क्रीनमध्ये बघत बसू नका, शक्यतो कोणाला तरी सोबत न्या, माझी बायको येते आणि तिचं लक्ष आकाशाकडे असतं, माझं रिमोटकडे.

बॅटरीचं राहिलं. लिथियमची बॅटरी आहे, हलक्यात घेऊ नका. आठवडाभर वापरणार नसाल तर निम्म्या चार्जवर ठेवा, फुल ठेवली की फुगते. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, चार्जही करायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. लोकलमध्ये नेताना टोकांवर कव्हर लावून वेगळ्या पाऊचमध्ये, चावी नाणी त्यात नको. विमानात हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

लग्नाचं शूटिंग करून दे म्हणून नातेवाईक मागे लागतात, त्याबद्दल. पैसे घेतले की ते व्यावसायिक झालं, मायक्रो ड्रोन असेल तर त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. वय १८ ते ६५, दहावी पास, डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, मान्यता दिलेल्या संस्थेत ट्रेनिंग, मग ते सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. पुढे यात काही करायचं असेल तर जरूर करा, चांगला कोर्स असतो, हवामान आणि रेडिओवर बोलणं पण शिकवतात. पण हौसेच्या ड्रोनवर गुपचूप दोन-पाच हजार घेऊन कामं करू नका, हॉलमध्ये काही झालं तर इन्शुरन्स नाही, सर्टिफिकेट नाही, आणि पाहुणे दोनशे.

आणि पडला तर. पडणारच कधीतरी. आधी माणूस बघायचा, कोणाला लागलं असेल तर ड्रोनकडे न बघता त्याला दवाखान्यात न्यायचं. कोणाच्या कंपाउंडमध्ये पडला तर भिंत चढून जायचं नाही, बेल वाजवायची, वॉचमनला सांगायचं. रेड भागात किंवा सरकारी कंपाउंडमध्ये गेला तर स्वतः शोधायला न जाता जवळच्या पोलीस स्टेशनला सांगायचं, आपणहून सांगणारा आणि पकडला गेलेला यात खूप फरक पडतो. अपघात झाला असेल तर ४८ तासांच्या आत पोर्टलवर कळवायचं असतं. ड्रोनवर यूआयएन आणि तुमचा मोबाइल नंबर छोट्या स्टिकरवर लिहून चिकटवा, माझा एकदा मुरबाडला उसाच्या शेतात हरवला होता, तिसऱ्या दिवशी तोडणीवाल्या दादांचा फोन आला, पाणी लागू नये म्हणून त्यांनी तो गोणपाटात गुंडाळून ठेवला होता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मी शिकू कुठे? त्यांना म्हटलं येत्या रविवारी पहाटे साडेपाचला खाली या, माझ्याच ड्रोनवर हात बसवू, आधी दहा मीटरच्या वर न्यायचा नाही, नुसता चौकोन काढायचा, मग आठचा आकडा, नाक आपल्याकडे करून डावं-उजवं उलटं होतं त्याची सवय. चार रविवार झाले आणि तेव्हाही हौस असली तर विकत घ्यायचं बघू.